कॉम्प्युटर कुठे अडतो त्याची नोंद

३ मार्च, सोमवार

दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, नुसतं 'हळू चालतो, हळू चालतो' म्हणून मला काही कळत नाही. कधी अडतो, कुठे अडतो, ते थोडे दिवस लिहून ठेवा." म्हणून ही वही. लेकीच्या कॉलेजच्या वेळची आहे, अर्धी कोरी. पुढच्या पानांवर तिची प्रमेयं, मागून माझा कॉम्प्युटर.

दुरुस्तीवाल्याला कळावं म्हणून आधी कामाचं लिहिते. मी घरी बसून इस्पितळाचे रिपोर्ट टाइप करते. पेशंटला तपासून झालं की डॉक्टर रेकॉर्डरवर बोलतात. ते आवाज माझ्याकडे येतात. मी कानाला हेडफोन लावते आणि टाइप करत सुटते. पायाखाली पेडल असतं. दाबलं की आवाज चालू, टाच उचलली की बंद, मागे दाबलं की चार शब्द मागे. एकोणीस वर्षं झाली. मिनिटाला सत्तर शब्द आणि चूक शून्य. बढाई मारत नाही, इस्पितळाच्या रेकॉर्ड खात्यात जाऊन विचारा.

लोक विचारतात, इतके आजार ऐकून तुमच्या मनावर परिणाम होत नाही का? अहो, मी ऐकतच नाही! कानातून शिरतं, बोटांतून निघतं, मध्ये डोकं लागतच नाही. ज्या दिवशी अर्थ कळायला लागेल त्या दिवशी स्पीड बोंबलला.

आजची नोंद: चालू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद. हे आमच्या ह्यांनी मोजलं. हे तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. माणूस रिटायर झाला, खिशातलं स्टॉपवॉच काही झालं नाही. दुधाला उकळी यायला किती लागतात तेही त्यांना सेकंदांत माहीत असतं.

५ मार्च

आज नीट लक्ष ठेवलं. कीबोर्डची उजवी बाजू बिघडली आहे. डावीकडची अक्षरं झरझर उमटतात, उजवीकडची मागून लंगडत येतात. कधी येतच नाहीत, कधी दोन-दोन येतात. सकाळी जास्त त्रास देतो, दुपारी जरा सुधारतो. तापायला वेळ लागत असेल.

हे पेनही नीट धरता येत नाही. हल्ली पेनं इतकी बारीक का करतात कोण जाणे.

८ मार्च

डोक्यात नुसती तिडीक गेली आहे, म्हणून आज कॉम्प्युटर सोडून दुसरंच लिहिते. दुरुस्तीवाल्याला दाखवताना हे पान दुमडून ठेवीन.

रेकॉर्ड खात्याच्या बाईंचा फोन आला. आवाज असा गोड, की मी आधीच सावध झाले. म्हणाल्या, "ताई, हल्ली तुमचे रिपोर्ट उशिरा येतात हं. चार तासांत यायला हवेत, आठ-आठ लागतायत."

"कॉम्प्युटर जुना झालाय. बघतेच आहे त्याचं काय करायचं ते," मी म्हटलं.

मग त्यांनी खरं ते काढलं. इस्पितळाने एक नवीन सॉफ्टवेअर बघितलंय. डॉक्टर बोलतात तसतसं ते आपलं आपण लिहितं. अठ्ठावीस तारखेला परीक्षा. बारा रेकॉर्डिंग त्यालाही द्यायची आणि मलाही. वेळ बघणार, चुका बघणार. आवाजात आहे त्याहून एक शब्द इकडेतिकडे झाला तरी चूक धरणार. त्यावरून माझं काम ठेवायचं की नाही ते ठरणार.

"तुम्ही काळजी करू नका," बाई म्हणाल्या.

काळजी कोण करतंय? त्या डबड्याला पाणी पाजीन मी. फक्त माझ्या हाताखालचं डबडं जरा धड हवं. वीस दिवस आहेत.

९ मार्च, रविवार

घरात कॉम्प्युटरवर संसद भरली. लेक फोनवर होती. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिथून सगळ्यांना अक्कल शिकवते. म्हणाली, "आई, बारा वर्षांचा आहे तो! फेकून दे. नवीन घे, मी पाठवते पैसे." ह्यांचं म्हणणं, आत धूळ साठली असेल, उघडून पुसू आणि पंख्याला एक थेंब तेल देऊ. ह्यांचा जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एक थेंब तेलाचा उपाय असतो.

मी कुणाचंच ऐकलं नाही. आधी दुरुस्तीवाला बघेल, मग मी ठरवीन.

भांडी घासायचा नवीन साबण फार बुळबुळीत आहे. दोन कप फुटले. आता भांडी हेच घासतात, कपांची दया येते म्हणतात. भाजीही तेच चिरतात आणि जॅमच्या बाटलीचं झाकण मी मागायच्या आत उघडून ठेवतात. रिटायर झालेला नवरा इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च

दुरुस्तीवाला येऊन गेला. माणूस कमी बोलतो, त्यामुळे मला आवडतो. वही वाचली (दुमडलेलं पान सोडून), मशीन उघडलं, आत बघून "हं" म्हणाला. ह्यांनी तेलाची बाटली पुढे केली, तीही त्याने बघितली आणि पुन्हा "हं" म्हणाला.

मग सांगितलं ते असं. आतली हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची आहे, फिरणारी. प्रत्येक गोष्ट शोधायला ती गरगर फिरते. तिच्या जागी एसएसडी टाकायची. तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं लगेच हाताशी. शिवाय रॅम दुप्पट करायची, म्हणजे एका वेळी चार कामं उघडली तरी दम लागणार नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे.

"की नवीनच घेऊ?" मी विचारलं.

त्याने टेबलाखाली वाकून पेडलची वायर बघितली. "या पेडलची पिन नवीन मशीनला बसत नाही. पेडलही नवीन घ्यावं लागेल. पायाची सवय बदलायला महिना जातो लोकांचा."

झालं, ठरलं! एकोणीस वर्षांची टाच आहे माझी, परीक्षेच्या तोंडावर तिला नवीन वळण कोण लावणार? लेकीला कळवलं, फेकणार नाही, सुधारून घेणार. ती म्हणाली, "तू तरी कुठे कुणाचं ऐकतेस." पोरीने बरोबर ओळखलंय.

जाताना दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, कीबोर्ड मात्र मला चांगला वाटतोय." मी म्हटलं, "तुम्ही दोन बोटांनी टाइप करता, तुम्हाला काय कळणार?" बिचारा हसला.

१५ मार्च

अठरा सेकंद! चालू व्हायला अठरा सेकंद! ह्यांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा अठराच. फाइल उघडायला बोट लावलं की उघडते. मी खुर्चीत बसून उगाच चार वेळा बंद-चालू केलं. लेकीला फोन करून ऐकवलं, तर ती म्हणते, "आवाजावरून काय कळणार मला?" पण आनंद कळला असेल.

आता येऊ दे म्हणावं त्या सॉफ्टवेअरला.

१७ मार्च

काल आणि आज मिळून सात रिपोर्ट. पूर्वी दिवसाला पंधरा व्हायचे. कॉम्प्युटर आहे वाऱ्यासारखा, पण उजवी बाजू तशीच. तेव्हा दोष कीबोर्डचाच, मी म्हणतच होते. दुपारी जाऊन नवीन आणला.

संध्याकाळी: नवीन कीबोर्डचीही उजवी बाजू खराब आहे. दुकानदाराने जुन्या लॉटमधला गळ्यात मारला असणार. उद्या बदलून आणते.

१८ मार्च

बदलून आणला. हाही तसलाच. आता काय म्हणायचं या लोकांना? मालच असा निघतो हल्ली. दुकानदाराने माझ्यासमोर स्वतः टाइप करून दाखवलं आणि माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला दोन शब्द सुनवावे लागले. हे मला "चल, चल" करत बाहेर घेऊन आले. बाहेर आल्यावर माझ्या स्वेटरची वरची दोन बटणं लावून दिली. भर रस्त्यात! या वयात काय सुचतं माणसाला.

पहाटे उजवा हात लाकूड होतो. झटकला की पूर्ववत. उशी बदलायला हवी.

२० मार्च

मी ह्यांना म्हटलं, अंदाजपंचे काही नको, आपण माझा स्पीड मोजू. एक जुनं रेकॉर्डिंग लावते, तुम्ही वेळ धरा. हे टाळत होते. आधी दूध आणायचं आहे म्हणाले, मग चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोक्यावर होता.

शेवटी बसले. पाच मिनिटं टाइप केलं. शब्द मोजले आणि भागाकार केला. मिनिटाला एकतीस.

मी म्हटलं, "एकतीस? काहीतरीच काय. नीट बघा."

हे हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत बसले. मग म्हणाले, "घड्याळ बिघडलंय बहुतेक."

"मग आधी तरी सांगायचं! सेल बदला त्याचा."

"बदलतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. मी हसले. तीस वर्षं ते घड्याळ एका सेकंदाने चुकलं नाही म्हणून ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि नेमकं माझ्याच वेळी चुकायचं होतं. बरोबर आकडा परवा कळेल.

२२ मार्च, शनिवार

सकाळी खाकरे डॉक्टरांचं रेकॉर्डिंग होतं. खाकरे हे त्यांचं आडनाव नाही, मी ठेवलेलं नाव आहे. दर वाक्याआधी घसा खाकरतात. हाताचे डॉक्टर. अकरा वर्षं त्यांचा आवाज कानात आहे, बघितलं कधीच नाही. पेशंटची नावं आमच्याकडे येत नाहीत, नुसते नंबर येतात.

मी टाइप करत होते. खाकरून म्हणाले, पेशंट बावन्न वर्षांचा, शिंपीकाम करतो. पहाटे उजवा हात बधिर होऊन जाग येते. हात झटकल्यावर बरं वाटतं. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर, करंगळी शाबूत. हातातून वस्तू पडतात. बटणं लावता येत नाहीत. त्रास सकाळी जास्त. पेशंट गेले वर्षभर मशीनला दोष देत होता, दोन मशीन बदलून झाली. मनगटातली नस दबलेली आहे.

"दोन मशीन बदलून झाली" इथे माझी बोटं थांबली. टाच उचलली गेली.

मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. परत मागे घेतलं. अकरा वर्षांत असले रिपोर्ट मी दोनशे तरी टाइप केले असतील. आज पहिल्यांदा ऐकला.

करंगळी टेबलावर आपटून बघितली. लागलं. अंगठा आपटला. नाही लागलं.

ही वही मागे चाळली. बाई गं, एकेक नोंद! कॉम्प्युटरची म्हणून लिहायला घेतली होती.

फार रडू आलं. दार लावून घेतलं नव्हतं, त्यामुळे हे आले. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

म्हणाले, "दुसरा कप फुटला तेव्हा वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस कॉम्प्युटर. मला वाटलं, आधी कॉम्प्युटर करून बघू. झाला असता बरा तर..."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ चांगलं आहे गं."

मला राग यायला पाहिजे होता. थोडा आलाही. पण तीस वर्षांत त्या घड्याळाबद्दल एक शब्द वाकडा ऐकून न घेणारा माणूस माझ्यासाठी त्यालाच खोटं पाडून मोकळा झाला, त्यावर कसं भांडायचं?

२४ मार्च

खाकरे डॉक्टरांना दाखवून आले. दुसरीकडे कशाला जायचं? अकरा वर्षं ऐकतेय, माणूस हुशार आहे. मला वाटायचं उंच असतील, दांडगे असतील. निघाले एवढेसे, पायात कॅनव्हासचे बूट.

मी टायपिंग करते एवढंच सांगितलं, कुणाचं ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर रेकॉर्ड खात्यात पोचायला किती वेळ लागणार होता? परीक्षा चार दिवसांवर आहे. पण त्रास सांगताना तोंडून त्यांचीच वाक्यं बाहेर पडायला लागली, त्याच क्रमाने. तेही चक्रावले. "इतकं मुद्देसूद कुणी सांगत नाही," म्हणाले.

ऑपरेशन दोन एप्रिलला. छोटंसं आहे. बोटांत जाणीव हळूहळू येईल, महिने लागतील. सत्तरचा स्पीड परत येईल का विचारलं तर खाकरले आणि म्हणाले, "बराचसा." प्रामाणिक उत्तर दिलं म्हणून राग नाही आला. भीती मात्र वाटली, ती इथे लिहून ठेवते. स्पीड गेला तर मी कोण, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

हे परतताना म्हणाले, "परीक्षा देऊ नकोस." मी म्हटलं, देणार. हरायचं असेल तर टाइप करत हरेन, घरी बसून नाही.

२८ मार्च, शुक्रवार

नऊ वाजता बारा रेकॉर्डिंग आली. चालू व्हायला अठरा सेकंद. कॉम्प्युटर बिचारा एका क्षणासाठी अडला नाही. मीच अडत होते आणि तो प्रत्येक अक्षरासाठी थांबून राहत होता. उजव्या बाजूची अक्षरंही मी डाव्या हाताने घेतली. सॉफ्टवेअरने त्याचे बाराच्या बारा सव्वानऊलाच उरकले असणार, हे मला माहीत होतं.

एक केलं वेगळं. पहिल्यांदाच ऐकत टाइप केलं, अर्थ लागेल असं. स्पीड नव्हताच, मग घाई कशाची? तिसऱ्या रिपोर्टात गोळीचा डोस दहापट बोललाय असं वाटलं, रिमार्कच्या रकान्यात "खात्री करावी" लिहिलं. पूर्वी जसाच्या तसा टाइप करून पुढे गेले असते. पूर्वी काय काय टाइप करून पुढे गेले असेन, कोण जाणे.

नववं रेकॉर्डिंग खाकरे डॉक्टरांचं. बाई, वय चोपन्न, व्यवसाय टायपिंग. ऐकताच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. स्वतःला असं नंबराने ऐकायचं म्हणजे विचित्रच. त्रासाचं वर्णन अगदी चोख. आणि मग म्हणाले, डावा हात.

मागे घेतलं. डावा. पुढेही एकदा डावा. शेवटी, दोन एप्रिलला डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया.

हेडफोन काढून मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी ऐकलं. "आत्ता फोन कर," म्हणाले.

लगेच नाही केला, केला की पेशंट मीच हे रेकॉर्ड खात्याला कळणार. विचार मीही केला, आणि जो केला तो सगळाच लिहिते. आवाजात डावा आहे. मी डावा टाइप केला तर चूक शून्य, उजवा केला तर एक चूक. सॉफ्टवेअरने डावाच लिहिला असणार. ऑपरेशनच्या दिवशी भूल हातापुरतीच, मी टेबलावर शुद्धीवर असणार, उजवा पुढे करीन की! रिपोर्ट तसाच गेला तर परीक्षेत डाग नाही आणि हात कामातून गेलाय हे रेकॉर्ड खात्याला कळणार नाही. हा विचार माझ्या डोक्यात चांगली पाच मिनिटं बसून होता.

मग वाटलं, माझ्या जागी तो शिंपी असता तर? तो शुद्धीवर असेल, पण घाबरून गप्प बसला तर? लहान मूल असेल तर? नंबराच्या मागे कुणीतरी असतंच, आज मी आहे. मला माहीत असून डावा टाइप केला, तर त्या डबड्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

बारापैकी नऊच झाले. उरलेले तीन न करता आधीचे आठ पुन्हा ऐकून तपासले. एक वाजला. फाइलच्या वर बाईंना दोन ओळी लिहिल्या. स्पीडमध्ये मी हरले, ते मान्य. लिहिण्याचं काम सॉफ्टवेअरला द्या. पण त्याने लिहिलेलं पेशंटपर्यंत जायच्या आधी कुणीतरी ऐकायला हवं, आणि ते काम मी मागतेय. त्याला दोन कान आणि एक टाच लागते, माझी तिन्ही शाबूत आहेत. हे म्हणाले, "विनंती आहे असं तरी घाल." नाही घातलं.

मग नवव्या रिपोर्टात उजवा टाइप केला आणि रिमार्कमध्ये लिहिलं: "आवाजात तिन्ही वेळा डावा हात म्हटलं आहे. हात उजवा आहे. डॉक्टरांना आजच कळवावं. खात्रीने सांगते, कारण पेशंट मीच आहे." आणि खाली माझं पूर्ण नाव टाइप केलं. एकोणीस वर्षांत हजारो रिपोर्ट पाठवले, माझं नाव असलेला हा पहिलाच.